जावयानं पंखा लावला

फिनिक्स, ॲरिझोना

ती. आई-बाबांना शि. सा. नमस्कार.

बाबा फोनवर सारखे विचारतात, पंखा लावायला एवढं काय लागते? म्हणून सविस्तर लिहिते. मात्र हे पत्र अमरावतीतच ठेवा, अकोल्याला पोचू देऊ नका.

इथं वायरमनच्या मजुरीत दुसरा पंखा येतो. शिवाय तुमचे जावई पडले अकोल्याचे. २०२० च्या मे महिन्यात अकोल्याचा पारा ४७ अंशांच्या वर गेला होता, हे ते इथं येणाऱ्या-जाणाऱ्याला मेडल दाखवल्यासारखं सांगायचे. २०२३ मध्ये फिनिक्सच्या दुपारच्या पाऱ्यानं ३० जूनपासून सलग ३१ दिवस ११० फॅरनहाइटच्या, म्हणजे आपल्या ४३ अंशांच्या, खाली उतरायचंच नाकारलं. तेव्हापासून गप्प आहेत.

एसी आहेच. पण डोक्यावर पंखा फिरत असला की एसी ४ फॅरनहाइट वर ठेवला तरी भागतं, बिल उतरतं. तर रविवारी शिडी आली आणि व्हिडिओ कॉलवर अकोला आलं. सासरे, शेजारचे काका आणि सहज चहाला टेकलेले एक अनोळखी गृहस्थ.

“हूक कोठी हाये?”

स्लॅबच नाही तर हूक कुठला! वर लाकडाच्या कड्या, त्यांना खालून जिप्समच्या पाट्या ठोकलेल्या.

“म्हंजे छत पुठ्ठ्याचं? अन् याचं तीस वर्षं कर्ज फेडून राह्यला तू?”

हे नुसते हसले. छतात दिव्याचा डबा होता, पण तो दिव्यापुरताच. पंखा टांगायला ‘पंख्यासाठी’ असं छापलेला वेगळा डबा घ्यावा लागतो. दोन कड्यांच्या मध्ये लोखंडी दांडी आडवी धरून पिळायची, म्हणजे तिच्या टोकांचे दात लाकडात रुततात. मग तिला डबा आणि डब्याला पंखा. पाती जमिनीपासून निदान ७ फूट वर हवीत; आमच्या घरात तेवढा उंच कोणी नाही, तरी मोजलं.

खरी गंमत वायरींची. आपल्या जुन्या घरांत लाल फेज आणि काळी न्यूट्रल. इथं करंट काळीत, न्यूट्रल पांढरी, आणि अर्थिंगची तांब्याची तार उघडीच. अनोळखी गृहस्थ छातीठोकपणे म्हणाले, “काळी न्यूट्रल असते, बिनधास्त धर!” ब्रेकर मी आधीच पाडून ठेवला होता, म्हणून तुमची लेक अजून सौभाग्यवती आहे.

आई, तुला एक सांगते. छताचा विजेचा पंखा निघाला शिलाई मशीनवाल्यांच्या डोक्यातून. सिंगर कंपनीत काम करणाऱ्या फिलिप डील यांनी १८८० च्या दशकात मशीनची मोटर छताला टांगून तिला पाती लावली. बाबा तुझ्या मशीनच्या खडखडाटावर बोलले की हे ऐकवत जा.

पंखा सुरू झाला तो डुलत. हलक्या पात्याला चिकटवायची वजनं खोक्यातच मिळतात. अकोल्याचा सल्ला होता, रुपयाचं नाणं चिकटव. इथं रुपया कुठून आणायचा, यावर तिकडे बराच वाद झाला. शेवटी वजनंच चिकटवली.

“रेग्युलेटर कोठी हाये?”

“नाही बाबा, साखळी ओढायची.”

“संडासाच्या टाकीसारखी? काहून बाप्पा?”

मोटरवर एक बारकं बटणही आहे. हिवाळ्यात ते सरकवलं की पंखा उलटा फिरतो आणि वर साचलेली गरम हवा भिंतींवरून खाली येते. हिवाळ्यात पंखा लावतात, हे सासऱ्यांना अजून पटलेलं नाही. ते म्हणतात, पोट्टा उलटा फिट करून बसला आन् आता कारणं सांगून राह्यला.

तुम्ही येताना मुगवड्या आणा आणि यांच्यासाठी अकोल्याच्या गांधी रोडवरून लाइटवाला टेस्टर मागवून घ्या. इथल्या पिकपिक वाजणाऱ्या टेस्टरवर यांचा काडीचा विश्वास नाही. तो मोठ्या बॅगेतच टाका, हातातल्या पिशवीत विमानतळावर काढून घेतील.

तुमची,
ताई