ऐंशीचं रॉक आणि पेटीवाले काका

'गिटार हिरो एन्कोर: रॉक्स द एटीज' हा व्हिडिओ गेम २००७ साली अमेरिकेत आला, तेव्हा मी न्यू जर्सीत ऑनसाइट होतो आणि तिथल्या मराठी मंडळींत रॉकचा जाणकार म्हणून मिरवत होतो. जाणकारी कसली, हॉस्टेलात शेजारच्या खोलीतून ऐकू आलेल्या कॅसेटींची पुण्याई. त्यामुळे एका पॉटलकला यजमानांच्या चिरंजीवांनी प्लास्टिकची गिटार माझ्या गळ्यात अडकवली, तेव्हा मी ऐटीत म्हणालो, "ऐंशीचं दशक ना? लाव काहीही."

मग यादी दिसली. गाणी तीस. त्यात बॉन जोवी नाही, युरोप नाही, गन्स अँड रोझेस नाही. ज्यांच्यावर मी तासभर बोलू शकतो ती सगळी मंडळी गैरहजर. हजर कोण? क्वाएट रायट, विंगर, ऑइंगो बॉइंगो! आयर्न मेडन आणि ज्युडास प्रीस्ट होते म्हणा, पण माझी ओळख त्यांच्या टी-शर्टांशी, गाण्यांशी नव्हे.

शेवटी नाव बघून गाणं निवडलं: 'प्ले विथ मी'. बालवाडीतलं वाटलं. ते निघालं एक्स्ट्रीम या बँडचं. सुरुवातीलाच मोझार्टची धून गिटारवर भरधाव सुटते. गेमवाल्यांनी ते अगदी शेवटच्या, सगळ्यात अवघड गटात ठेवलंय.

गिटारच्या दांड्यावर पाच रंगीत बटणं, खाली एक पट्टी. पडद्यावरून रंगीत चकत्या घसरत येतात. डाव्या हाताने त्या रंगाचं बटण दाबायचं आणि नेमक्या त्याच क्षणी उजव्याने पट्टी हलवायची. मी लहानपणी पेटी शिकलेला. पेटीत उजवा हात सुरांवर, डावा भात्यावर. इथे सगळा उलटा कारभार. पोरगं हुशार, त्याने सेटिंगमधली डावखुऱ्यांची सोय शोधून गिटार फिरवून दिली. उजवी बोटं बटणांवर स्थिरावली खरी, पण डाव्या हाताने पट्टी हलवायची सोडून संथ विलंबित लयीत भाता मारायला घेतला. पडद्यावरचे प्रेक्षक हुर्यो करू लागले, काटा लाल पट्ट्यात गेला आणि गाणं बंद पडलं. खाली आकडा आला: चार टक्के.

"मूळ बँडने वाजवलेलं नसणार हे," मी मानभावीपणे म्हणालो. गंमत म्हणजे या गेममधली बहुतेक गाणी खरोखरच दुसऱ्यांनी वाजवलेली आहेत. 'द रोमँटिक्स' या बँडने तर त्याच वर्षी कोर्ट गाठलं. तक्रार काय, तर आपल्या गाण्याची नक्कल फारच हुबेहूब झालीय! दावा पुढे टिकला नाही. माझ्या वादनाने कुठल्याही बँडवर वकील गाठायची पाळी आणली नसती.

"काका, इझी लावू? त्यात तीनच बटणं असतात," चिरंजीव म्हणाले. स्वयंपाकघरातून सौ.चं हसू ऐकू आलं. गाणंही त्यानेच निवडलं: लिमोझीन बँडचं 'बिकॉज इट्स मिडनाइट'. आणि काय सांगू, ते शेवटपर्यंत वाजलं! मंडळींनी टाळ्या वाजवल्या. मी घाम पुसत खुर्चीत बसलो आणि जुन्या तोऱ्यात सुरू झालो, "लिमोझीन! हॉस्टेलात कॅसेट झिजवली होती यांची. पुढे गायकाचं आणि गिटारिस्टचं फाटलं, नाहीतर—"

"काका," चिरंजीव म्हणाले, "तो बँड खरा नाहीये. कार्टूनमधला आहे."