संपेल तेव्हा संपेल

अमेरिकेत सगळ्याला वेळ नेमलेली. नातवाच्या मित्राचा वाढदिवस दोन ते चार असतो आणि चारला यजमान खरोखरच फुगे उतरवायला लागतात. अशा देशाच्या लाडक्या खेळानं घड्याळाला मुळीच भीक घालू नये, याचं मला फार कौतुक होतं. बेसबॉलच्या नऊ इनिंग. बरोबरी झाली तर दहावी, अकरावी, बारावी. कुणीतरी हरल्याशिवाय उठायचं नाही, हा थेट आपल्या सोसायटीच्या वार्षिक सभेचा बाणा!

तसे घाईचे लोक तिथेही होते. 1919 साली न्यूयॉर्क जायंट्स आणि फिलाडेल्फिया फिलीज यांनी नऊच्या नऊ इनिंग 51 मिनिटांत उरकल्या. कुणाला गाडी गाठायची होती कोण जाणे.

माझं मन रमतं ते पॉटकेटच्या सामन्यात. 18 एप्रिल 1981, ऱ्होड आयलंडमधलं छोटं मैदान, हाडं गोठवणारी थंडी. रात्री सुरू झालेला सामना पहाटे चारपर्यंत चालला, बत्तीस इनिंग झाल्या, तरी बरोबरी ती बरोबरीच. खेळाडू मोडक्या बॅटी पिंपात पेटवून हात शेकत होते. अखेर सामना थांबवला तेव्हा प्रेक्षकांत 19 जण उरले होते. एक पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, पहाटे घरी गेला, तर बायको दार उघडेना. एवढ्या रात्री कुठं होतास, तर म्हणे मॅच चालू होती! जगातल्या कुठल्या बायकोनं हे ऐकून घेतलं असतं? जूनमध्ये उरलेला सामना पुन्हा मांडला आणि तेहतिसाव्या इनिंगमध्ये 18 मिनिटांत निकाल लागला. एकूण आठ तास पंचवीस मिनिटं.

एवढा वेळ जातो कुठे, ते मी मुलाबरोबर स्टेडियममध्ये बसून नीट पाहिलं आहे. चेंडू येतो, बॅटर सोडून देतो. मग तो चौकटीबाहेर येतो. डाव्या ग्लोव्हचा पट्टा सोडतो, आवळतो. मग उजवा. हेल्मेट चाचपतो, बुटानं माती उकरतो, ती पुन्हा सारखी करतो. तोवर पिचर टोपीखालून विचार करत असतो. माइक हारग्रोव्ह नावाच्या बॅटरनं या तयारीत इतका वेळ खावा, की लोकांनी त्याचं नावच ‘ह्यूमन रेन डिले’, म्हणजे पावसानं होणारा खोळंबा माणसाच्या रूपात, असं ठेवलं. पाऊस निदान आकाशातून तरी येतो.

2021 मध्ये नऊ इनिंगच्या सामन्याची सरासरी तीन तास दहा मिनिटांवर गेली आणि बेसबॉल चालवणाऱ्या मंडळींचा धीर सुटला. 2023 पासून मैदानात चक्क घड्याळ लावलं. बेसवर कुणी नसेल तर पंधरा सेकंदांत चेंडू टाका. पिचरनं उशीर केला तर दंड म्हणून त्याच्याविरुद्ध बॉल, बॅटर रेंगाळला तर त्याच्याविरुद्ध स्ट्राइक. त्या वर्षी सरासरी दोन तास चाळीस मिनिटांवर आली. जादा इनिंगमध्ये तर आता निकाल लवकर लागावा म्हणून दुसऱ्या बेसवर एक माणूस आयताच उभा करून देतात. पॉटकेटचा विषयच मिटला.

‘‘बाबा, बघा, साडेनऊला घरी!’’ मुलगा खूश. मी घरी जाऊन काय करणार होतो, हे त्यानं विचारलं नाही.

बिअरवाल्यांचं मात्र मला पटलं. सातव्या इनिंगनंतर बिअर बंद, असा बऱ्याच मैदानांचा रिवाज. सामना आखडला तशी विक्रीची वेळही आखडली. तेव्हा मिलवॉकीसारख्या काही क्लबांनी ती मुकाट्यानं आठव्या इनिंगपर्यंत वाढवून टाकली.