पन्नास वर्षांची नवीकोरी

गोदाघाटावरच्या बुधवारच्या बाजारात वय आणि चेहरा यांचा काही संबंध नसतो. एचएमटी जनता घड्याळ म्हणे आजोबांनी रोज वापरलेलं, पण डायलचा रंग बोटाला लागेल इतका ताजा. "एकहाती वापरलेलं आहे, साहेब!" तो एक हात रंगाऱ्याचा असावा.

एचएमटीने १९६१ मध्ये जपानच्या सिटिझनच्या सहकार्याने घड्याळं सुरू केली. २०१६ मध्ये केंद्राने एचएमटी वॉचेस बंद करायला मंजुरी दिली. पण 'जुन्या' घड्याळांचं उत्पादन जोरात आहे! जगभरचे शौकीन त्यांना 'मुंबई स्पेशल' म्हणतात. बॉडी एकाची, काटे दुसऱ्याचे, यंत्र तिसऱ्याचं. आघाडी सरकारच म्हणा. फरक इतकाच की हे चालतंही.

तरी भिंग घेऊन जाच. अक्षरं जाडसर नि पसरलेली, मिनिटांच्या रेघा काट्याशी न जुळणाऱ्या, तर डायल पुन्हा छापलेली. बॉडीच्या कडा गुळगुळीत, मागची अक्षरं पुसट, तर पॉलिश अति झालंय. मग झाकण उघडायला सांगा. "आत धूळ जाईल" असं उत्तर आलं, तर ती कोणाच्या डोळ्यांत जायची होती ते ओळखा. आत गंज दिसला, तर बाहेरच्या चकाकीचं कौतुक तिथेच थांबवा.

डाग पडलेली पण स्वतःचीच डायल असेल, तर चार पैसे जास्त मोजा. रंगवलेलं आवडलंच, तर जरूर घ्या. फक्त रंगवलेल्याच्याच भावात.