मायनर मिळणेबाबत

प्रति,
मा. अध्यक्ष व सर्व सदस्य,
मायनर विषयांची बास्केट भरणारी समिती,
मुंबई, पुणे किंवा नांदेड (जिथे बैठक चालू असेल तिथे)

विषय : संगणकशास्त्र या विषयाचे मायनर अर्जदारास अनुभवाच्या आधारे बहाल करणेबाबत.
संदर्भ : १) उच्च व तंत्र शिक्षण विभागाचा दि. २० एप्रिल २०२३ चा शासन निर्णय. २) माझ्या दुकानासमोरची रांग.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करतो की, मी सेलू (जि. परभणी) येथे ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचे दुकान चालवतो. झेरॉक्स, लॅमिनेशन, पीक विमा, उत्पन्नाचा दाखला, महाडीबीटी, रेल्वेचं तिकीट आणि जून उजाडला की कॉलेजचे प्रवेश. शिक्षण बी.ए., जोडीला एमएस-सीआयटी. आमच्या वेळी मेजर-मायनर नव्हतं. विषय तीन असायचे आणि तिन्ही सारखेच अवघड वाटायचे.

आपला शासन निर्णय मी वाचला आहे. सेलूत तो पूर्ण वाचलेली माणसं फार नसावीत, कारण लोक माझ्याकडे येऊन 'त्यात काय लिहिलंय' विचारतात. तीन वर्षांच्या पदवीला १२० ते १३२ श्रेयांक, त्यात मायनरचे १८ ते २०, आणि ते पहिल्या तीन वर्षांतच उरकायचे. मायनर मेजरच्याच शाखेतलं घ्या नाहीतर परक्या शाखेतलं, मुभा आहे. म्हणजे राज्यशास्त्राच्या मुलीने संगणकशास्त्र घेतलं तरी सरकारची हरकत नाही. दिल्लीच्या विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये मायनरला किमान २४ श्रेयांक सांगितले होते. मुंबईला पोचेपर्यंत चार-सहा वाटेत सांडले. याबद्दल तक्रार नाही, आमच्याकडे निधीचंही तसंच होतं.

एक श्रेयांक म्हणजे वर्गात १५ तास, प्रयोगशाळेत ३० तास. मायनरचे अठराच्या अठरा श्रेयांक प्रात्यक्षिकाचे धरले तरी ५४० तास होतात. साहेब, एका प्रवेशाच्या हंगामात मी त्याहून जास्त वेळ खुर्चीत असतो, आणि मधल्या सुट्टीची घंटा वाजत नाही. त्यातच केंद्र सरकारने २०२३ च्या एप्रिलमध्ये राष्ट्रीय श्रेयांक आराखडा काढला. कामाच्या अनुभवालाही श्रेयांक देता येतील, असं त्यात स्पष्ट आहे. तेव्हा माझा हक्काचा अर्ज आहे, मेहेरबानीचा नाही.

आता पात्रतेचा पुरावा.

फोटोपासून सुरू करतो. पोर्टलला फोटो हवा २० ते ५० केबीचा, सही १० ते २० केबीची. पोरगं मोबाईलवर जो फोटो घेऊन येतं तो चार एमबीचा असतो, पाठीमागे सोयाबीनचं शेत आणि अर्धा ट्रॅक्टर. ट्रॅक्टर कापणं सोपं आहे. पण चार एमबीचे पन्नास केबी करताना चेहरा चेहऱ्यासारखा राहिला पाहिजे, ही खरी विद्या आहे. ती कशी चालते हे मी एकदा रिकाम्या दुपारी शोधून वाचलं. चित्राचे आठ बाय आठ ठिपक्यांचे चौकोन पाडायचे. प्रत्येक चौकोनातले ६४ आकडे लाटांच्या भाषेत मांडायचे, कुठली लाट किती जोराची एवढंच लिहायचं. मग ज्या बारीक लाटा माणसाच्या डोळ्याला जाणवतच नाहीत त्या फेकून द्यायच्या. उरतो तो जेपेग. या युक्तीच्या मुळाशी बेंगळुरूत शिकलेले नासिर अहमद आहेत. त्यांनी टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासोबत १९७४ साली ती प्रसिद्ध केली. त्याआधी याच कल्पनेसाठी त्यांनी अमेरिकेत सरकारी निधी मागितला होता. 'फारच सोपी कल्पना आहे' या कारणाने तो नाकारला गेला. तज्ज्ञांच्या समित्यांबद्दल माझ्या मनात जो आदर आहे त्याला असा आंतरराष्ट्रीय आधार आहे.

सांगायचा मुद्दा असा की, मायनर घेतलेल्या मुलाला हे कुणी सांगत नाही. तो स्वतःचा फोटो माझ्याकडून बारीक करून घेतो, वीस रुपये देतो आणि संध्याकाळच्या पेपरात 'संगणकाचे फायदे व तोटे लिहा' हा प्रश्न सोडवतो.

दुसरा पुरावा नावांचा. श्रेयांक साठवायला ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स आहे. तिचं खातं आधारशी जुळलं पाहिजे. दहावीच्या बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव पहिलं, आधारवर आडनाव शेवटचं. ज्ञानेश्वर नावाच्या मुलाच्या इंग्रजी नावात 'डी'नंतर कुठे 'एन' असतो, कुठे नसतो, तर कुठे सुरुवातच 'जी'ने झालेली असते, कारण ज्या दिवशी आधार काढलं त्या दिवशी यंत्रावर बसलेला माणूस हिंदी मुलखातला होता. आमच्या भागात तर दर चार घरांत एक ज्ञानेश्वर. पोर्टल म्हणतं, ही तीन वेगळी माणसं आहेत. मी म्हणतो, एकच आहे, समोर उभा आहे, चहा पितोय. पोर्टल ऐकत नाही. दोन शब्द एकमेकांपासून किती अक्षरांनी लांब आहेत हे मोजायची रीत लेव्हेनश्टाइन या रशियन गणितज्ञाने १९६५ सालीच देऊन ठेवली. संगणकशास्त्राचा कुठलाही विद्यार्थी ती एका तासिकेत शिकू शकतो आणि दुसऱ्या तासिकेत वापरू शकतो. तरी आपल्याकडे तिच्या जागी प्रतिज्ञापत्र चालतं.

सेलूचं तर आणखीच. महाराष्ट्रात सेलू नावाचे तालुके दोन, एक आमचा आणि एक वर्धा जिल्ह्यात. घाईत यादीतलं वरचं सेलू दाबलं की परभणीचा मुलगा कागदोपत्री विदर्भात जातो आणि त्याला आमच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाऐवजी नागपूर बघावं लागतं. एडगर कॉड यांनी १९७० साली माहितीचे तक्ते कसे मांडावेत ते सांगितलं, तेव्हाच बजावलं होतं की प्रत्येक ओळीला स्वतःची, दुसऱ्या कुणाची नसलेली खूण हवी. कॉड सेलूला कधी आले नसणार. पण आले असते तर उतरायचं कुठे, हा प्रश्न त्यांनाही पडला असता.

आणि आधारला जोडलेला नंबर हरवला असेल तर? पोर्टल ओटीपीची वाट पाहतं, ओटीपी जातो हरवलेल्या नंबरवर, आणि मुलगा पोर्टलची वाट पाहतो. याला पुस्तकात डेडलॉक म्हणतात. आमच्याकडे याला 'उद्या या' म्हणतात.

एवढ्यावर माझे निम्मे श्रेयांक तरी पक्के धरायला हरकत नसावी.

आता जरा नाजूक विषय. फॉर्म भरताना मी पोरांना विचारतो, मायनर कोणतं टाकू? 'कॉम्प्युटर टाका ना दादा,' असं दहातली निम्मी म्हणतात. यादीत ते असतं. मग कॉलेजात गेल्यावर कळतं की कॉम्प्युटरचा तास आणि मेजरचा तास एकाच वेळी आहे, किंवा तो विभाग विनाअनुदानित आहे आणि त्याची फी वेगळी, किंवा शिकवणारे सर तासिका तत्त्वावर आहेत आणि त्यांची नेमणूक दिवाळीपर्यंत होईल असं समजतं. दिवाळीनंतर सहामाही संपलेली असते. तोवर दुसऱ्या एका विभागात, जिथे सर कायमचे आहेत पण मुलं नाहीत, तिथे या मुलाची फारच प्रेमाने वाट पाहिली जात असते, कारण सरांचा कार्यभार भरला पाहिजे. मुलगा शांतपणे तिकडे जाऊन बसतो. यात कुणा एका कॉलेजला बोल लावायचा नाही, तालुक्याच्या गावांत फिरा, थोड्याफार फरकाने हेच. फक्त आपण शासन निर्णयात 'विद्यार्थ्याची निवड' असं लिहिलं आहे, त्या जागी 'वेळापत्रकाची निवड' असं शुद्धिपत्रक काढलं तर मला फॉर्म भरायला सोपं जाईल. यादीत एकच नाव ठेवता येईल.

आणि ज्यांना खरंच कॉम्प्युटर मिळालं, त्यांचं काय चालतं तेही सांगतो, कारण त्यांची प्रात्यक्षिकं माझ्या दुकानात होतात. परीक्षेच्या आधी एक जर्नल लागतं. निळ्या पुठ्ठ्याचं, रेघा मारलेलं. त्यात प्रोग्राम हाताने लिहायचा, आणि खाली 'आउटपुट' म्हणून जे पडद्यावर दिसायला हवं होतं तेही हातानेच लिहायचं. पडद्यावर ते कधी दिसलं का, हे कुणी विचारत नाही. मागच्या वर्षीच्या एका हुशार मुलीचं जर्नल माझ्याकडे स्कॅन करून ठेवलेलं आहे, चाळीस रुपयांना पूर्ण संच मिळतो. त्या मुलीने एका ठिकाणी बेरीज चुकवली होती. आज तालुक्यातल्या कितीतरी संगणकांचं उत्तर त्या एका जागी सारखंच चुकतं. परीक्षकांनी अजून हरकत घेतलेली नाही. याला नव्या धोरणात 'समुदाय सहभाग' या रकान्यात बसवता येईल का, तेवढं तपासावं.

म्हणून अर्जासोबत दोन सूचनाही जोडतो. मायनरची अट लिहिताना श्रेयांकांचा आकडा तसाच ठेवा, त्याला हात लावायला नको, तो फार मेहनतीने ठरला असणार. फक्त खाली एक ओळ टाका, की संगणकशास्त्राचं मायनर त्यालाच मिळेल ज्याने स्वतः लिहिलेला एक तरी प्रोग्राम गावातल्या एका माणसाने, विद्यार्थ्याचा नातेवाईक नसलेल्या, महिनाभर वापरला आहे. अडत दुकानात कापसाच्या पावत्या जुळवणारा असो, कुणाच्या दुधाच्या खात्याचा असो, किंवा तीन ज्ञानेश्वर एक करणारा असो. मागे सीसीआयला (कापूस महामंडळाला) कापूस विकण्यासाठी 'कपास किसान' ॲपवर नोंदणी आली तेव्हा गावात असा एक मुलगा मला रोजंदारीवर हवा होता. मिळाला नाही. कॉम्प्युटर मायनरवाले शोधले होते. त्यांना मायनरमध्ये काय शिकवलं तेवढं ते मला सांगत होते, आणि नोंदणीही माझ्याकडूनच करून घेत होते.

दुसरी सूचना लहान आहे. अटींच्या यादीत 'शिक्षक' हा शब्द घाला. सेमिस्टरच्या पहिल्या दिवशी, नेमणूकपत्रासह. अमेरिकेतली विद्यापीठं मायनरला पाच-सहा विषय मागतात, पण एकात पास झाल्याशिवाय पुढच्यात बसू देत नाहीत. आधी प्रोग्रामिंग, मग डेटा स्ट्रक्चर, मग बाकी. आमच्याकडेही क्रम पाळला जातो. आधी परीक्षा, मग निकाल, मग सरांची ऑर्डर.

हे सगळं प्रत्यक्ष पाहायचं असल्यास समितीने जरूर यावं. मुंबईहून सकाळची तपोवन एक्स्प्रेस धरली की दुपार कलताना सेलू येतं. दुकान स्टेशनपासून लांब नाही, रांग दिसली की तेच समजावं. येताना आपापली आधार कार्डं आणा. भेट देणाऱ्यांची नोंद ऑनलाइन ठेवतो, नाव जुळलं नाही तर आत सोडता येणार नाही.

तरी माझ्या अर्जाचा सहानुभूतीपूर्वक विचार होऊन संगणकशास्त्राचं मायनर मिळावं, ही विनंती. मेजर नाही दिलं तरी चालेल.

आपला विश्वासू,
ऑनलाइन सेंटरवाला,
सेलू (जि. परभणी)

सोबत : आधार, टीसी, नॉन-क्रिमिलेअर (लागत नसलं तरी), फोटो (४८ केबी).

ता. क. : प्रवेशाची मुदत वाढवायची असेल तर कृपया शेवटच्या दिवशी सकाळी जाहीर करत चला. रात्री बारानंतर जाहीर केली की पोरं बाराच्या आतच रडून, घाईत चुकीचं मायनर टाकून गेलेली असतात. मग दुसऱ्या दिवशी दुरुस्तीचा फॉर्म निघतो. त्याचेही मी पन्नास घेतो, त्यामुळे माझी वैयक्तिक हरकत नाही.