व्यवसाय : राखण

केंद्र सरकारच्या राष्ट्रीय पशुधन अभियानातला विमा मोठ्या मनाचा आहे. गाय, म्हैस, बैल तर त्यात आहेतच; शिवाय घोडा, गाढव, खेचर, उंट, शेळी, मेंढी, डुक्कर, ससा, याक आणि ईशान्येकडचा मिथुनसुद्धा आहे. फेब्रुवारी २०२४मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने हप्त्यातला शेतकऱ्याचा वाटा सरसकट १५ टक्क्यांवर आणला. उरलेलं केंद्र आणि राज्य मिळून भरतात. पालघर जिल्ह्यातल्या वाणगावात कुणी याक पाळल्याचं अजून तरी ऐकिवात नाही. पण उद्या कुणाला हुक्की आली आणि त्याने मिरचीच्या वाफ्यात याक आणून उभा केला, तर त्याची सोय आहे. सोय नाही ती कुत्र्याची.

हा शोध वाणगावच्या एका वाडीवाल्या काकांना लागला. म्हशींच्या विम्याचे कागद करायला बोईसरहून पुतण्या आला होता. नात्याने पुतण्या, धंद्याने विमा एजंट, आणि जेवायला बसला की पुन्हा पुतण्या. म्हशींच्या कानांत बारा आकडी पिवळे बिल्ले होतेच. पशुविम्यात ‘टॅग नाही तर क्लेम नाही’ हा पहिला नियम, त्यामुळे त्यांचं काम पाच मिनिटांत उरकलं. काकांनी सहज विचारलं, “आणि ह्याचं काय?”

‘हा’ म्हणजे मोत्या. पॅकिंगच्या शेडमध्ये रिकाम्या क्रेटांच्या चळतीवर, सगळ्यात वरच्या क्रेटमध्ये अंग दुमडून झोपलेला. रंग विटकरी, डाव्या कानाचे मागच्या एका भांडणात फाटून दोन झालेले, आणि उजवा कान झोपेतही रस्त्याच्या दिशेने वळलेला. दिवसा त्याला कुणी ओलांडून गेलं तरी तो डोळा उघडत नाही. रात्री मात्र ढोबळी मिरचीच्या शेडनेटपासून चिकूच्या शेवटच्या ओळीपर्यंत त्याची हद्द, आणि त्या हद्दीत रानडुक्कर, चोर आणि काकांचे व्याही यांच्यात तो भेदभाव करत नाही.

पुतण्या म्हणाला, “काका, कुत्रा पशुधनात येत नाही. तो ‘पेट’मध्ये येतो.”

काका म्हणाले, “पेट म्हणजे लाडाचा ना? ह्याचे लाड कुणी केलेत?”

इथपासून गुंता सुरू झाला. कमावणाऱ्या जनावरासाठी सरकारी विमा आहे, लाडक्या जनावरासाठी खासगी विमा आहे. पण जे कुत्रं कमावतं आणि लाडकंही आहे (काका हे कबूल करणार नाहीत, काकू करतील), ते या दोन खिडक्यांच्या मधल्या बाकावर बसून राहतं.

कुत्र्याचा विमा ही काही कालची कल्पना नाही. स्वीडनमध्ये १८९०च्या सुमारास घोडे आणि गुरांचे विमे निघू लागले आणि १९२४मध्ये पहिल्या कुत्र्याचा विमा उतरला. अमेरिकेत पहिली पॉलिसी १९८२मध्ये निघाली, ती टीव्हीवरच्या ‘लॅसी’ची. लॅसी जातीने कोली, म्हणजे मेंढ्या वळणारा कुत्रा. पडद्यावर कुत्री, प्रत्यक्षात ते काम वर्षानुवर्षं नर कुत्र्यांनी केलेलं. विम्याच्या अर्जात लिंग आणि व्यवसाय या दोन रकान्यांवर तिथल्या कारकुनाने काय लिहिलं असेल, हा स्वतंत्र संशोधनाचा विषय आहे.

आपल्याकडे सरकारी विमा कंपन्यांच्या श्वान-पॉलिसी जुन्याच. त्यांत वय साधारण आठ आठवडे ते आठ वर्षं, आणि मुख्य भर मृत्यूवर. ऑगस्ट २०२०मध्ये बजाज अलियान्झने खासगी बाजारात पॉलिसी आणली. तिच्यात ऑपरेशन आणि दवाखान्यात ठेवण्याचा खर्च हा गाभा होता. मृत्यू, चोरी, हरवणं, कुत्रा दुसऱ्याला चावला तर द्यावी लागणारी भरपाई, हे सगळं वरून जोडायचं. देशी आणि संकरित कुत्र्यांनाही तिची दारं उघडी होती. लहान-मोठ्या जातींना सात वर्षांपर्यंत प्रवेश, ग्रेट डेनसारख्या राक्षसी अंगाच्यांना चारच वर्षांपर्यंत. मोत्याच्या वयाबद्दल घरात दोन मतं आहेत. काकू म्हणतात, तो मोठ्या पावसात मोरीत सापडला. काका म्हणतात, मोठा पाऊस दर वर्षी येतो.

पुतण्याने मोबाइलवर अर्ज उघडला. जात : गावठी. उंची, वजन : काकांनी मोत्याला उचलून मिरचीच्या काट्यावर उभं राहायचं आणि मग आपलं वजन वजा करायचं, असं ठरलं, पण काकूंसमोर स्वतःचं वजन कळेल म्हणून काकांनी अंदाजाने आकडा सांगितला. मग फोटो. समोरून एक, दोन्ही बाजूंनी एकेक. मोत्या कॅमेऱ्याकडे पाहीना. बिस्किट दाखवलं तर फोटोत नुसतं नाक आलं. खरं तर तेही चाललं असतं, कारण कुत्र्याच्या नाकाचा ठसा माणसाच्या बोटासारखाच प्रत्येकाचा निराळा असतो आणि कॅनडाचा केनेल क्लब १९३८पासून तो ओळख म्हणून मानतो. पण वाणगावात तो घ्यायचा कुणी? राहता राहिली मायक्रोचिप. तांदळाच्या दाण्याएवढी, पंधरा आकडी, मानेच्या कातडीखाली सुईने सोडायची. तांदळाच्या गावात ही उपमा लगेच पटली. फक्त काकूंनी विचारलं, “बासमतीएवढी की कोलमएवढी?”

पुढचा रकाना : कुत्रा कशासाठी पाळला आहे?

काका म्हणाले, “लिही, राखणीला.”

“काका, राखण लिहू नका. ‘घरगुती’ लिहू.”

“घरात येतच नाही तो. घरगुती कसा?”

पुतण्याची अडचण खरी होती. पॉलिसीच्या मागच्या पानांवर वगळलेल्या गोष्टींची यादी असते, आणि शर्यत, शिकार, पैदास किंवा धंद्यासाठी वापरल्या जाणाऱ्या कुत्र्यांबाबत विमावाल्यांचा हात सहसा आखडता असतो. ब्रिटनमध्ये मेंढपाळांच्या आणि शिकाऱ्यांच्या कुत्र्यांसाठी ‘वर्किंग डॉग’ अशी वेगळी पॉलिसीच घ्यावी लागते. साधी घेऊन कुत्र्याला कामावर नेलं तर दावा अडकू शकतो. पण काकांचीही बाजू खरी. विम्याचा सगळा डोलारा खरं सांगण्यावर उभा आहे. महत्त्वाची गोष्ट लपवली तर ऐन वेळी कंपनी हात झटकते आणि कायदा तिच्या बाजूने उभा राहतो. तेव्हा ‘घरगुती’ लिहिणं म्हणजे हप्ता भरून निश्चिंत झोपणं आणि ज्या दिवशी गरज पडेल त्या दिवशी जागं होणं.

सरकारी नोकरीतल्या कुत्र्यांना हा प्रश्न पडत नाही. मुंबई पोलिसांचा ‘झंजीर’ या लॅब्रेडोरने १९९३च्या बॉम्बस्फोटांच्या काळात ३,३२९ किलो आरडीएक्स, ६०० डिटोनेटर, २४९ हातबॉम्ब आणि ६,४०६ जिवंत काडतुसं हुंगून काढली. नोव्हेंबर २०००मध्ये आठव्या वर्षी हाडांच्या कर्करोगाने तो गेला, तेव्हा त्याला इतमामाने निरोप देण्यात आला. २६/११ला कामावर असलेले मॅक्स, सुलतान, टायगर आणि सीझर निवृत्तीनंतर आपल्याच पालघर जिल्ह्यात, विरारच्या एका शेतावर राहायला आले आणि २०१६ या एका वर्षात एकामागोमाग एक गेले. नोकरीत असेपर्यंत अशा कुत्र्यांचा दवापाण्याचा खर्च खातं बघतं. वाणगावच्या शेजारी, १९६९पासून वीज बनवणाऱ्या तारापूरच्या अणुकेंद्राच्या राखणीला केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दल आहे आणि त्या दलाकडेही श्वानपथकं आहेत. त्याच रस्त्यावर एमआयडीसीतल्या कारखान्यांच्या गेटांवर वॉचमनच्या खुर्चीखाली झोपणारी कुत्रीही रात्रपाळीच करतात. हजेरीपट एकालाच मिळतो.

आता धोका किती, तेही बघू. विमा घ्यायचा तर आधी मरण कुठून येऊ शकतं याची यादी करावी लागते, आणि ही यादी करताना काकांना पहिल्यांदाच मोत्याची काळजी वाटली. गवतात साप. चावलाच तर दवाखान्यात नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर मिळून एकच लस मिळते. ती घोड्याच्या रक्तापासून बनते. (घोडा योजनेत आहे.) पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून लेप्टो. बाराही महिने गोचीड आणि गोचिडांमुळे येणारा ताप, ज्यात कुत्रं आधी खाणं सोडतं आणि मग रक्त कमी होत जातं. आणि डहाणूच्या डोंगरपट्ट्यात बिबट्या. नगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्याच्या विष्ठेवरून त्याचा आहार तपासला. २०१४मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात वजनाच्या हिशेबाने ३९ टक्के वाटा कुत्र्यांचा निघाला. शेळ्या तिथे कुत्र्यांच्या सातपट होत्या, तरी त्यांचा वाटा ११ टक्केच. शेळीचाही विमा सरकारी योजनेत उतरतो. बिबट्याची आवड आणि सरकारची यादी यांचा कुठे मेळ नाही.

मग घ्यायचं काय? प्रस्तुत लेखकाचं मत असं की गावठी कुत्र्यासाठी मृत्यूच्या विम्याचा नाद सोडावा. ती रक्कम बाजारभावावर ठरते, आणि मोत्याचा बाजारभाव काढायला गेलं तर पलीकडचा वाडीवाला वर दोन पिल्लं फुकट देईल. खर्च होतो तो दवाखान्यात. साध्या तापाला तालुक्यातले ढोरांचे डॉक्टर पुरतात. हाड मोडलं किंवा पोट फाडायची वेळ आली की गाडी करून मुंबई गाठायची. परळला १८८६पासूनचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आणि त्याच्या आवारातलं बाई साकरबाई रुग्णालय, किंवा महालक्ष्मीला २०२४मध्ये सुरू झालेलं टाटांचं. तेव्हा ऑपरेशनचं कवच आधी. लसीचं कार्ड मात्र चोख हवं, कारण रेबीज, डिस्टेंपर, पार्व्हो, लेप्टो यांची लस चुकवली असेल तर त्या रोगांचा दावा सहसा मिळत नाही. आजारपणाला सुरुवातीचे काही दिवस कवच नसतं, म्हणजे कुत्रं लंगडायला लागल्यावर पॉलिसी शोधण्यात अर्थ नाही.

आणि राखणीच्या कुत्र्याला सगळ्यात गरजेचं, पण लोक सर्वांत शेवटी बघतात ते तिसऱ्या माणसाच्या भरपाईचं कवच. मोत्याचं कामच लोकांना हद्दीबाहेर ठेवणं. भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१प्रमाणे जनावराबाबत हलगर्जी करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. विमा तुरुंगातून सोडवत नाही. पण ज्याची पोटरी धरली त्याच्या दवाखान्याचं बिल अंगावर येतं, तेव्हा हातभार लावतो. हे ऐकल्यावर काकूंनी व्याह्यांचं नाव न घेता व्याह्यांचा विषय काढला.

शेवटी काकांनी हट्टाने खरं तेच लिहायला लावलं : ‘वाडी राखतो. रात्री. सुट्टी नाही.’ पुतण्याने कपाळावर हात मारून अर्ज पाठवला. काही दिवसांनी कंपनीकडून विचारणा आली की सदर श्वान व्यावसायिक स्वरूपाचे काम करत असल्यास त्याला मिळणाऱ्या मोबदल्याचा तपशील कळवावा.

काकांनी चष्मा लावला आणि पुतण्याला सांगायला सुरुवात केली. सकाळी तांदळाची भाकरी आणि दूध. रात्री भात. बुधवारी आणि रविवारी सुक्या बोंबलांची डोकी.

“चहाबरोबरची खारी राहिली,” आतून काकू म्हणाल्या, “ती पण लिही. मागाहून कुणी म्हणायला नको, लपवलं म्हणून.”