सक्तीची परंपरा

दोस्त राष्ट्रांच्या ताब्यातल्या जपानमध्ये १९४५ साली युद्धकला शाळेबाहेर काढल्या गेल्या. एप्रिल २०१२ पासून त्याच माध्यमिक शाळेत सक्तीच्या झाल्या. आता मुलांवर संस्कार होणार, परंपरा जपली जाणार!

बहुतेक शाळांनी ज्यूदो निवडला. तत्त्वज्ञान पटलं म्हणून नव्हे. केंदोला चिलखत, मुखवटा आणि बांबूची तलवार लागते, ज्यूदोचं गाद्या आणि जाड सुती अंगरख्यावर भागतं.

शिकवणार कोण? ज्यूदोशी फारसा संबंध न आलेले पीटीचे सरही, थोड्या दिवसांचं शिबिर उरकून. हनुवटी छातीशी, हाताची गादीवर थाप, असं नीट पडणं शिकवायलाच मुरलेला हात लागतो. १९८३ पासून शालेय ज्यूदोत, मुख्यतः क्लबांमध्ये, शंभरावर मुलं दगावली होती. कित्येकांच्या डोक्याला मार बसला होता.

शिक्षण मंत्रालयाने सुरक्षिततेची पुस्तिका काढली खरी. मार्च २०१२ मध्ये.