घासूनपुसून ठेवू नका

उसनी आणलेली वस्तू घासूनपुसून परत करायची, ही आपल्याकडची रीत. पातेल्याला, परातीला, अगदी शिडीलाही ती शोभते. सोल्डरिंग आयर्नला मात्र ती मारक आहे, आणि हे आमच्या सोसायटीत माझ्याखेरीज कुणालाच मान्य नाही.

तळमजल्यावरचे काका अधूनमधून माझं आयर्न नेतात. रेडिओची एखादी वायर सुटलेली असते. ती जोडून होते दोन मिनिटांत. मग फोन येतो, चहा येतो, पुतणीच्या लग्नाचा विषय निघतो. तोवर आयर्न स्टँडवर तापतंय. साधं पंचवीस वॅटचं ते; ना थर्मोस्टॅट, ना काही. प्लग लावला की तापायचं, एवढंच त्याला ठाऊक. पुढे कधीतरी काकांना आठवण होते. ते आयर्न गार करतात, काळं पडलेलं टोक पॉलिश पेपरने लखलखीत घासतात आणि वर येऊन म्हणतात, "बघ गं, नव्यासारखं करून दिलंय!" त्यांचा आनंद बघून मला काही बोलवत नाही. मी "वा!" म्हणते आणि दार लागल्यावर जे बोलायचं ते बोलते.

तर प्रकार असा. टोकाचा गाभा असतो तांब्याचा, कारण तांबं उष्णता झटकन पोचवतं. पण वितळलेल्या कथलात तांबं हळूहळू विरघळतं, म्हणून त्यावर लोखंडाचा मुलामा देतात. हा मुलामा मिलिमीटरभरही जाड नसतो. पॉलिश पेपरने तो गेला की सोल्डर आतलं तांबं खायला मोकळं, आणि टोकाला खड्डा. मुलामा वाचला तरी उघडं लोखंड साडेतीनशे अंशांवर हवेत राहिलं की त्याच्यावर ऑक्साइडचा काळा थर चढतोच. कथील-शिशाची साठ-चाळीस सोल्डर वायर १९० अंशांच्या आसपास वितळते. टोक त्याहून कितीतरी तापलेलं असतं. तरी वायर टेकवली की ती ढिम्म हलत नाही. हलली तर गोळी होऊन घरंगळते, ती टेबलावर, तिथून थेट पायावर. शिसं नसलेली वायर वापरणाऱ्यांचे हाल अधिकच, कारण ती २१७ अंशांच्या पुढे वितळते. तापमान वाढवावं लागतं आणि टोक आणखी लवकर काळवंडतं.

काकांवर अन्याय नको. त्यांच्या तरुणपणी बिट, म्हणजे हे टोक, सबंध तांब्याचं असायचं. खड्डा पडला की कानशीने घासायचं आणि पुन्हा कथील चढवायचं, हीच तेव्हाची बरोबर पद्धत होती. ज्ञान खरं, फक्त बिट बदललं.

काळ्या टोकावर इलाज आहे. आयर्न तीनशेच्या आसपास ठेवावं. आपल्या साध्या आयर्नवर हा आकडा दिसत नाही, तेव्हा जरा तापलं की लगेच कामाला लागावं. टोक राळेत बुडवावं, ताजी सोल्डर लावावी, पितळी तारेच्या गुंडाळीत खुपसून काढावं, पुन्हा राळ, पुन्हा सोल्डर. चिकाटी हवी. भांड्यांची स्टीलची घासणी चालणार नाही, ती पॉलिश पेपरचीच बहीण. ओल्या स्पंजने पुसायचं तर हलक्या हाताने. तापलेलं टोक वारंवार गार पाण्याला लागलं की मुलाम्याला तडे जातात.

एवढ्यानेही नाही भागलं तर नवसागर. कल्हईवाला तापल्या भांड्यात त्याची पूड टाकायचा, पांढरा धूर उठायचा आणि मग कथील सरसर पसरायचं, ते आठवतंय? टोकावरही नवसागर तेच काम करतो, ऑक्साइड उडवतो. फक्त खिडकी उघडी ठेवा; तो धूर नाकात गेला की पूर्वज दिसतात.

पण मुळात ही वेळ येऊच नये. काम नसेल तर प्लग काढावा, आणि काढण्याआधी टोकावर सोल्डरचा चांगला जाड थेंब चढवून तसाच राहू द्यावा. हवा त्या थेंबाला लागते, लोखंडाला लागत नाही. पुढच्या वेळी तापल्यावर तो पुसून टाकायचा. शेजारणीचा डबा आपण रिकामा परत देतो का? तसंच हे.

एवढं करूनही टोक खड्ड्यात गेलेलंच असेल, तर कानस शोधू नका. पुण्यात असाल तर तापकीर गल्लीत जा, आपल्या आयर्नच्या मापाचं नवं बिट मागा. जमल्यास दोन घ्या. एक काकांसाठी.